उजव्या कानाचा रिपोर्ट

"पोस्टमन बहिरा आहे, एवढंच लिहा आणि सही करा," सुपरिंटेंडेंट साहेब म्हणाले.

समोर पिंगळी रोडवरच्या एका जीपवाल्या बागायतदाराचा अर्ज होता. तुमचा पोस्टमन हॉर्न देऊनही बाजूला होत नाही, उद्या चाकाखाली येईल, असा. हा पोस्टमन म्हणजे गंगाराम. रोज सायकलवर सहा गावांचं टपाल वाटायचा. लहानपणी कान फुटला, तेव्हापासून उजव्या कानाने काही ऐकू येत नव्हतं. मी त्या भागाचा इन्स्पेक्टर. मी 'अनफिट' लिहिलं की त्याची बीट, म्हणजे रोजचा ठरलेला फेरा, जाणार. बीट गेली की नोकरीही.

"आधी त्याच्याबरोबर एक फेरा करतो, सर."

"बी.ए. झालात म्हणून प्रत्येक कागदात डोकं घालायचं का?"

"आमच्या घरात माझ्याआधी सगळ्यांनी न वाचता अंगठे दिलेत. मी देणार नाही."

दुसऱ्या दिवशी निघालो. गंगाराम पुढे, मी मागे. मी घंटी वाजवली. त्याने जराही लक्ष दिलं नाही. मला वाटलं, अर्ज खरा आहे. पण थोडं अंतर गेलं की तो मान उजवीकडे वळवून मागे बघायचा. समोरून येणारा गाडीवान आपल्या मागे कुठे बघतोय, तेही टिपायचा.

एवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. आम्ही दोघंही डांबर सोडून कडेच्या मुरमावर उतरलो. ट्रॅक्टर पुढे गेला तसं मी हँडल परत डांबराकडे वळवलं.

"साहेब, थांबा! मागं जीप यायलीय!"

जीप माझ्या कोपराजवळून सुसाट गेली. ट्रॅक्टरच्या धडधडीत तिचा आवाज मला आलाच नव्हता. गंगारामने मात्र वळून पाहिलं होतं.

"तुमचे कान चांगले हायत ना साहेब, म्हणून तुमी बघत न्हाई," तो हसला.

"मग अर्ज करणाऱ्या त्या जीपवाल्याला बाजू का देत नाहीस?"

"देतो की. पण खाली बाभळीचे काटे असले तर चार हात पुढं जाऊन उतरतो. पंक्चर झाल्यावर टपाल काय तेनं वाटावं? हॉर्न वाजला की लगेच उडी मारायला रस्ता तेच्या बापाचा हाय व्हय?"

मी सगळं रिपोर्टात लिहिलं. काटे लिहिले, माझी फजितीही लिहिली. शेवटी 'फिट'.

साहेबांनी चष्मा काढला. "स्वतःची चूक सरकारी कागदावर?"

"हो सर. अनफिट ठरवायचंच असेल तर माझ्यापासून सुरुवात करा. माझी फिरतीही सायकलवरच आहे."

"लय ताठ आहात."

"कागद बघा सर, मला राहू द्या."

साहेबांनी रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग अर्जावर 'चौकशी केली, तथ्य नाही' असा शेरा मारला आणि सायकलला आरसा लावायची सूचना दिली. गंगारामने आरसा लावला. चार दिवसांनी काढलाही. खडीच्या रस्त्यावर त्यात नुसतं आभाळ हलतं, म्हणाला.

बीट त्याचीच राहिली. ऐकू येणाऱ्यांना मात्र, ते रस्त्यावर मागे बघतात का, हे त्या ऑफिसात कधी कुणी विचारलं नाही.