पडदा अडकला तेव्हा

आमच्या मराठी मंडळात पूर्वी स्थळं नाटकाच्या मध्यंतरात बघत. बेंगळुरूत मराठी घरं मोजकी. घरी बोलावून पोहे केले आणि नकार आला, तर पुढच्या हळदीकुंकवाला तोंड कसं दाखवायचं? त्यापेक्षा वडा-कॉफीच्या रांगेत उभं राहायचं, चार वाक्यं बोलायची. जमलं तर जमलं, नाहीतर कॉफी प्यायलो म्हणायचं.

माझंही तसंच ठरलं होतं. मुलगी बेळगावकडची, इंदिरानगरात मामांकडे राहून नोकरी करणारी. तिचा फोटो पाहिल्यापासून मला दुसरं स्थळ नको होतं. पण त्या वर्षी मंडळाने शोकांतिका बसवली होती. तिच्यातल्या सेनापतीची ऐन वेळी दुसऱ्या गावी बदली झाली आणि पाठांतर चांगलं म्हणून ती भूमिका माझ्या गळ्यात पडली. सेनापती राजाच्या पायाशी बसून मधाळ बोलतो आणि तिसऱ्या अंकात त्यालाच भोसकतो. सगळे सावध करतात, पण राजा म्हणतो, "ज्याचं हसू इतकं निर्मळ, त्याचं मन काळं कसं असेल?"

मध्यंतरात चिकटवलेली दाढी काढायला वेळ नव्हता. जरीच्या अंगरख्यातच रांगेपाशी गेलो. मुलीबरोबर तिची आजी होती. मी वाकून नमस्कार केला, दोघींना कॉफी आणून दिली.

"अय्यो, आतासुद्धा तसाच हसतोय बघ," आजी मला ऐकू येईल अशा बेताने नातीला म्हणाली. "गोड बोलणाऱ्याला स्वल्प लांबच ठेवावं."

"आजी, ते नाटक आहे," मी म्हणालो.

"तेच तर अण्णा. नाटक तुला फार छान जमतं."

मुलीने कॉफी न पिताच कप खाली ठेवला. मी नकार धरून चाललो.

तिसऱ्या अंकात मी खंजीर मारला, राजा कोसळला, दोरी ओढल्याचा आवाज आला. राजा झालेले काका गुडघ्यांनी अधू. तालमीतही मेल्यावर त्यांना मीच उठवायचो. सवयीने वाकलो, त्यांच्या काखांत हात घातले.

"सावकाश काका, आधी डावा पाय. पाणी आणू?"

"हळू रे, आता खरंच मरेन!"

सभागृहात हशा उसळला. वळून पाहतो तर पडदा अडकलेला. दोन पल्ल्यांमध्ये चांगली पाच-सहा फुटांची फट, आणि फटीत कमरेला खंजीर खोचून राजाला सांभाळणारा मी.

"वाटोळं केलंस!" विंगेतून दिग्दर्शक ओरडले.

नाटक संपल्यावर मान खाली घालून बाहेर आलो. दाराशी आजी आणि ती थांबल्या होत्या.

"काकांचा पाय कसा आहे?" तिने विचारलं.

आजीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सरी, ठीक आहे," म्हणाली, "दाढी काढून एकदा घरी ये."

आता बेळ्ळंदूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पाहुण्यांशी मी जरा जास्तच गोड बोलायला लागलो, की बायको हळूच म्हणते, "पडदा उघडाय." मंडळाचं नाटक बंद पडलं. स्थळं मोबाइलवर येतात. लेकीसाठी आलेले फोटो आम्ही दोघं बघतो. सगळेच निर्मळ हसतात.

"यावरून काय कळणार?" बायको परवा म्हणाली. "त्या मुलाला रविवारी जेवायलाच बोलवा. सोफा हलवायचाच आहे आपल्याला."