साखळी थोरल्याची, दोर धाकट्याचा

"बोट सरकतेय!" धाकटा पांडू ओरडला.

खारदांड्याच्या किनाऱ्यासमोर आम्ही नांगर टाकून उभे होतो आणि वाऱ्याबरोबर दोघा भावांची नवी कोरी बोट खडकांकडे निघाली होती. थोरल्या काशिनाथने झटकन इंजिन चालू केलं. मी आणि पांडूने नांगर ओढून घेतला. थोडक्यात वाचलो.

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका वर्कशॉपमध्ये बोटींचं फिटिंग बघायचो. ही बोट दोन भावांनी मिळून बांधलेली. पण नांगराला काय लावायचं, यावरून आठवडाभर त्यांचं बोलणं बंद होतं. काशिनाथने साखळी आणून ठेवली होती, पांडूने हट्टाने नायलॉनचा दोर लावला होता. ट्रायलला त्यांची आई हिराबाई मुद्दाम बोटीत येऊन बसली होती.

"साहेब, त्याला सांगा, बघितला ना तुझा दोर?" काशिनाथ मला म्हणाला.

"आणि ह्याची साखळी ओढताना कंबर कोणाची जाणार, ते पण विचारा!"

खरं तर दोघंही बरोबर होते. दोर हलका असतो, ताणला जातो, लाटेचा झटका सोसतो. पण तो नांगराला वर उचलतो आणि खडकावर घासून तुटतो. साखळी वजनाने नांगराला तळाशी आडवं धरते, म्हणून तो चिखलात रुततो. पण नुसती साखळी हाताने ओढायची म्हणजे जीव जातो.

"दोन्ही लावू," मी म्हणालो. "नांगराजवळ साखळी, तिच्यापुढे दोर."

"म्हणजे जिंकला कोण?" पांडूने विचारलं.

"नांगर!" हिराबाई म्हणाली. "जोडा आता मुकाट्यानं."

शॅकल, म्हणजे खिळ्याने बंद होणारी लोखंडी कडी, लावून मी दोन्ही जोडले. नांगर टाकला, दोर भरपूर सोडला. बोट वाऱ्याकडे तोंड करून फिरली आणि थांबली. किनाऱ्यावरचा एक माड आणि मागचं कौलारू घर एका रेषेत धरून मी बघत राहिलो. रेषा हलली नाही, म्हणजे बोट जागची सरकत नव्हती.

"झकास!" मी म्हणालो. "घ्या वर."

पांडू भराभर दोर ओढू लागला. साखळी आली तसा अडला.

"दादा, ये ना रे!"

काशिनाथ धावलाच. दोघांनी मिळून नांगर वर घेतला, चिखलाने माखले आणि एकमेकांना बघून हसत सुटले. हिराबाईने पदराने डोळे पुसले आणि तळलेल्या बोंबलांचा डबा उघडला.

पुढे फिटिंगला गेलो की मी आधी दोनच गोष्टी विचारायचो. तळ कसला आहे आणि मालक किती जण आहेत?