साडूंची पाच वर्षांची मुदत

"आठ वर्षांची मुदत मागतोय साहेब, किडनी नाही मागत," महेबूबभाई असे कडाडले की भोसरीच्या त्या फायनान्स कंपनीतला पंखासुद्धा दचकून हळू झाला. टेबलापलीकडे आमचे साडू शांतपणे चष्मा पुसत होते. महेबूबभाईंच्या वर्कशॉपला चाकणच्या एका कारखान्याचं काम मिळत होतं, पण नवं मशीन घेतलं तरच. पाच वर्षांत कर्ज फेडायचं तर हप्ता झेपत नव्हता, म्हणून मीच त्यांना साडूंकडे आणलं होतं.

"आमच्या कंपनीला पाच वर्षांच्या पुढे कर्ज देता येत नाही," साडू म्हणाले. "नियम आहे."

पाच वर्षांच्या पुढे काळ म्हणून काही असतो, हेच मुळी आमच्या साडूंना मान्य नाही. निगडीच्या त्यांच्या अंगणात पपई आहे, केळ आहे. आंब्याचं रोप कुणी दिलं तर "फार लांबची मुदत आहे हो" म्हणून परत करतात. वाढदिवसाला सासूबाई "शंभर वर्षं जगा" म्हणाल्या, तेव्हा खाली वाकलेल्या अवस्थेतच हे म्हणाले, "तूर्त पाचाचं बोला, पुढचं नूतनीकरणाच्या वेळी बघू." माझी मेहुणी तर शपथेवर सांगते की लग्नाला पाच वर्षं झाली त्या दिवशी सकाळी हे गंभीर चेहऱ्याने समोर येऊन बसले आणि विचारते झाले, "पुढे चालू ठेवायचं ना?" ती म्हणाली, "आधी त्या कपबशा विसळा."

तर महेबूबभाई हताश होऊन उठले. साडूही उठले. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, महेबूबभाईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट चिंचवडच्या एका बँकेत नेलं, जिथे लांब मुदतीचं कर्ज मिळतं. मागोमाग मी रिक्षाने पोचलो. आपलंच गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात सोडणारा असा माणूस मी या उभ्या कारखानदारी पट्ट्यात पाहिला नाही. तासभर त्यांनी तिथल्या मॅनेजरला महेबूबभाईंच्या कामातल्या सफाईचं कौतुक ऐकवलं. मॅनेजर कंटाळून म्हणाला, "देतो हो. पण पूर्ण आठ वर्षांसाठी जामीन लागेल."

महेबूबभाईंनी मान खाली घातली. साडूंनी पेन मागितलं.

बाहेर टपरीवर मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. निवृत्ती तोंडावर आलेली, केस पांढरेशुभ्र. न राहवून विचारलंच, "साडूभाऊ, आठ वर्षं? तुम्ही?"

"मर्यादा कंपनीला आहे," ते म्हणाले. "चहा घ्या."