गंगव्वाक्काची प्रार्थनासाखळी

बेंगळुरात न्हाव्यांची सुट्टी मंगळवारी आणि चर्चच्या पाळकांची सोमवारी. बाकी दोन्ही धंदे सारखेच, असं लिंगराजपुरातली गंगव्वाक्का म्हणायची. समोरच्याला मान खाली घालायला लावायची आणि आपण बोलत सुटायचं! एकतीस वर्षं पाळकीणबाई म्हणून काढलेली बाई ती, तिला अडवणार कोण? मूळची चिकोडीकडची, उंचीनं बेताची, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाचा इस्त्रीवाला तिच्या घरातली भांडणं ऐकून मग आपलं मत द्यायला यायचा.

तिचा नवरा देवदान हा शहरातल्या एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, पाळक होता. चाळीस घरांची मंडळी त्यानं तीनशेवर नेली. मंडळी वाढत गेली तसा देवदान बारीक होत गेला. एका रविवारी त्यानं तीन उपासना घेतल्या, एक लग्न लावलं, दोन दवाखाने केले, आणि सोमवारी सकाळी दाढी करता करता गेला. लोक भेटायला आले आणि म्हणाले, प्रभूनं आपल्या सेवकाला विसावा दिला. अक्का मान हलवत राहिली. मनात म्हणाली, प्रभूला कशाला मधे घेता? तुम्हीच सगळ्यांनी मिळून पोचवलंत त्याला. रडायचं सोडून तिला एवढा राग आला होता की तो पुढं दोन-तीन वर्षं गेलाच नाही.

त्या वर्षांत बेंगळुरात मंडळ्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. महादेवपुऱ्याच्या कारखान्यांत निपाणी-गोकाककडची माणसं आली, पाठोपाठ पुण्याहून संगणकवाले आले. परमुलखात आलेल्या माणसाला रविवारी आपल्या भाषेत कुणी रागावलं तरी बरं वाटतं. तेव्हा एका हॉटेलात परगावच्या कुणा तज्ज्ञानं पाळकांसाठी शिबिर ठेवलं. विषय काय, तर पंचविसाचे अडीचशे कसे करावेत. पडद्यावर आकडे, आकड्यांना बाण. अक्का तिथं जेवणासाठी गेली होती, आणि तसं ती कुणालाही सांगायची. चहाच्या वेळी तिनं तज्ज्ञाला गाठून विचारलं, "अडीचशे झाल्यावर पाळकाचं काय करायचं?" तज्ज्ञ गोड हसला आणि म्हणाला, तो विषय पुढच्या शिबिरात आहे.

हे ऐकून सगळे हसले, एक महांतेश सोडून. हा खानापूरचा, तिशी ओलांडलेला, महादेवपुऱ्यातल्या मराठी मंडळीचा पाळक. मंडळी तीन वर्षांत अकराची दोनशे चाळीस झाली होती आणि डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यानं अक्काला आपल्या हिरव्या लुनावर मागं बसवून घरी सोडलं आणि तिथंच दोन तास बोलत बसला. पुढच्या सोमवारी परत आला. त्याच्या पुढच्या सोमवारी दोघांना घेऊन आला. एक हेब्बाळचा शांतवन, कडक इस्त्रीचा, चारशेच्या मंडळीचा धनी. दुसरा बेळ्ळंदूरकडचा परसू. त्याच्याकडं साठच माणसं, पण वर्षभरापूर्वी बाराच होती म्हणून तोही घाबरलेला.

असे सोमवार सुरू झाले. अक्काच्या स्वयंपाकघरात तिघं भिंतीला टेकून बसायचे, ती तव्यावर भाकरी टाकायची, आणि नियम सांगायची. पहिला नियम, कुणी आकडा बोलायचा नाही. दुसरा, इथलं बोलणं इथंच ठेवायचं. तिसरा नियम ऐकून परसूला तर घामच फुटला होता. इथं प्रार्थना करायची नाही!

"का म्हणजे?" अक्का म्हणाली. "तुमची जात मला ठाऊक हाय. कुणी अडचण सांगितली की तुम्ही म्हणणार, 'चला, प्रार्थना करू या.' मग डोळे मिटले की सुटलात. वर आणि प्रार्थनेतनं टोमणे मारणार. 'हे प्रभू, आमच्या भावाला अहंकारापासून वाचव.' तोंडावर बोला की, तोंड दिलंय देवानं."

पाळकानं पाळकासमोर खरं बोलायचं म्हणजे महाकठीण काम. रविवारी कसं झालं, असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, "प्रभूनं आशीर्वाद दिला." अक्का म्हणायची, प्रभूचं राहू दे, तुझं सांग. हळूहळू एकेकाची खपली निघाली. शांतवननं कबूल केलं की आजाऱ्यांना भेटायला जातो तेव्हा ते झोपलेले असले तर त्याला आनंद होतो. परसूला मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची इतकी भीती वाटायची की मिटिंगच्या दिवशी पोट बिघडायचं. हसून हसून तिघांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि संध्याकाळी हलके होऊन घरी जायचे. तीन वर्षं हे असं चाललं.

सत्त्याण्णव सालच्या एका सोमवारी महांतेश जेवता जेवता थांबला.

"अक्का, आठ महिने झाले," तो म्हणाला. "डोळे मिटतो तर समोर काही नाही. लोकांना सांगतो, प्रभू ऐकतो. आणि मला वाटतं, मी एसटीडी बूथमधल्या बंद फोनवर बोलायलोय. पैसे पडत नाहीत, रिंग वाजत नाही, आणि बाहेर दोनशे माणसं रांग लावून उभी."

शांतवननं शेंगाची चटणी त्याच्या ताटाकडं सरकवली. महांतेश जेवला आणि गेला. जाताना बरा दिसत होता.

बरी नव्हती ती अक्का. तिला देवदान दिसायला लागला, तोंडाला फेस लावलेला, हातात वस्तरा. दोन रात्री झोप नाही. मग तिनं तेच केलं जे तिच्यासारख्या बायका जन्मभर करत आल्या. स्वयंपाकघरात प्रार्थना करायची नाही असा नियम होता, पण फोन पुढच्या खोलीत होता.

बायकांची एक प्रार्थनासाखळी होती. वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या नऊजणी. कुणावर संकट आलं की पहिलीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला. प्रत्येकीला आपल्या खालची तेवढी ठाऊक, शेवटी कोण आहे याचा पत्ता नाही. अक्कानं फोन लावला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "नाव नको घ्यायला. एक तरुण पाळक हाय, महादेवपुऱ्याकडचा. आठ महिने झाले, बिचाऱ्याची आतली विहीर आटलीय. स्वल्प प्रार्थना करा. नाव प्रभूला ठाऊक हाय."

महादेवपुऱ्यात मराठी पाळक होता एकच. म्हणजे नाव प्रभूला ठाऊक होतं आणि बाकी बेंगळूरलाही. तिसऱ्या बाईनं त्यात डॉक्टर घातला, पाचवीनं बायकोशी भांडण घातलं, सातवीनं त्याचा विश्वासच काढून घेतला. आणि नववी निघाली श्यामला, महांतेशच्याच मंडळीतले मुख्य पंच बसवंत, त्यांची बायको. तिच्यापर्यंत पोचलं ते असं, आपला पाळक देवाला मानत नाही, आठ महिने नुसतं नाटक चाललंय.

पुढच्या सोमवारी महांतेश आला तो चप्पल न काढताच आत. हातात पंचांचं पत्र. त्यानं उभ्यानंच वाचून दाखवलं. "आमच्या पाळकांची विहीर गेल्या आठ महिन्यांपासून आटली आहे असे कानी आले असून, येत्या रविवारी उपासनेनंतर त्यांच्या सेवेबाबत निर्णय होईल." सेवा गेली की मंडळीनं राहायला दिलेल्या, उपासनेच्या हॉलमागच्या दोन खोल्याही गेल्या. बायको आणि दोन मुली घेऊन जायचं कुठं?

"तूच," तो शांतवनला म्हणाला. "माझी माणसं तुला पाहिजेत. काल तुझा संदेश विहिरीवर होता, मला कळलंय."

"शोमरोनी बाईवर होता!" शांतवन ताडकन उठला. "बायबलात ती येशूला विहिरीवरच भेटते की! कुठं बसवू तिला, नळावर?"

"बंधूंनो," परसू रडवेला झाला, "आपण जरा प्रार्थना—"

"गप्प बस," अक्का म्हणाली. भाकरी उलटायला नेलेला तिचा हात तसाच राहिला होता. महांतेश फोनबद्दल बोलला होता, विहिरीबद्दल नव्हे. विहीर चिकोडीची होती. तिच्या माहेरच्या परड्यातली, तिच्या तोंडची.

गप्प बसणं सोपं होतं. दोघं एकमेकांना शिव्या देऊन उठून गेले असते, आणि गंगव्वाक्का जन्मभर सगळ्यांची आई राहिली असती. हे तिच्या डोक्यात आलं, आणि थोडा वेळ राहिलंही. भाकरी जळून धूर झाला तेव्हा तिनं गॅस बंद केला.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "साखळीत. नाव घेतलं नाही."

महांतेश तिच्याकडं बघत राहिला. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि गेला. बाहेर लुना चार वेळा बंद पडली आणि पाचव्यांदा चालू झाली.

"रविवारी त्याच्यासंगं कुणीतरी बसाय पाहिजे," अक्का उरलेल्या दोघांना म्हणाली.

"रविवारी?" शांतवन म्हणाला. "अक्का, रविवारी पाळकाला मरायची सवड नसते. तीन वर्षं झाली, आम्ही एकमेकांचं एक प्रवचन ऐकलेलं नाही. सगळ्यांचा धंदा एकाच वेळी. आणि माझ्याकडं तर चार—" आकडा तोंडात आला तसा तो थांबला. दोघंही मान घालून निघून गेले.

रविवारी अक्का दोन बस बदलून महादेवपुऱ्याला गेली. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पंख्यांची घरघर. ती तिसऱ्या रांगेत बसली. पुढं बसवंत, कारखान्यात फोरमन, सरळ मानेचा गृहस्थ. महांतेशनं गीत सांगितलं, स्तोत्र वाचलं, आणि प्रवचनाच्या जागी म्हणाला, "आज माझ्याकडं संदेश नाही." आणि तिथंच उभा राहिला. अंगात कोट होता, आणि तो त्याला मोठा होत होता.

बसवंतांनी घाईघाईनं साक्षीची वेळ जाहीर केली. साक्ष म्हणजे लोकांनी उभं राहून देवानं काय चांगलं केलं ते सांगायचं, कुणाचा ताप उतरला, कुणाला नोकरी लागली. अक्का उठली.

"सलाम. मी गंगव्वा देवदान. माझा ताप उतरला नाही न् मला नोकरी लागली नाही. मी चुगली केली, तेवढं सांगाय आले." हॉलमधली कुजबुज थांबली. "तुमच्या पाळकानं माझ्या घरात जेवताना एक गोष्ट सांगितली. मी ती प्रार्थनेच्या पदराखाली झाकून बाहेर नेली. पदर होता म्हणून मला वाटलं ती चुगली नव्हं. महांतेशा, सगळ्यांसमोर माफी मागते. नाही केलंस माफ तरी सरी, चालंल."

महांतेश तिच्याकडं बघत नव्हता.

"ते तुमचं झालं, अक्का," बसवंत म्हणाले. "पण गोष्ट खरी का खोटी?"

"खरी आहे," महांतेश म्हणाला.

श्यामलानं तोंडाला पदर लावला. बसवंत रागावले नाहीत. त्यांना खरोखर समजत नव्हतं. "पास्टर, मशीन बिघडलं तर आम्ही त्याच दिवशी वर कळवतो. तुम्ही आठ महिने लपवलंत?"

"कळवलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

बसवंतांनी विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती त्यांना. "दुसरा बघितला असता," ते म्हणाले.

"मग त्याला तीन महिने सुट्टी द्या. आणि खोल्या राहू द्यात."

सगळ्या माना मागं वळल्या. दाराशी, चपलांच्या ढिगात शांतवन उभा होता, इस्त्री घामानं उतरलेली. शेजारी परसू.

"अरे, तुझी उपासना?" अक्का भर हॉलमधे ओरडली.

"गाणी म्हणायला लावून आलोय," शांतवन म्हणाला. "पंचवीस काढून दिलीत. संपली तर पहिल्यापासनं म्हणतील." मग बसवंतांकडं वळून म्हणाला, "साहेब, एका रविवारी सातला इथं मी, एका रविवारी परसू. आमचं नंतर करतो आम्ही. तीन महिन्यांनी तुम्ही आणि हा काय ते ठरवा."

बसवंत मंडळीकडं वळून म्हणाले, "ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा." पहिला हात श्यामलाचा. नवऱ्याकडं न बघता केलेला. मग कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांचे, मग कारखान्यातल्या पोरांचे. सगळ्यांचे नाही झाले. काहीजण उठून गेले. पण पुरेसे झाले.

शांतवन पुढं गेला आणि त्यानं गीत काढलं. महांतेश व्यासपीठावरून खाली उतरला. मंडळीत बसायचं म्हणजे कुठं बसायचं, ते त्याला कळेना. सहा वर्षांत तो त्या खुर्च्यांवर कधी बसलेलाच नव्हता. अक्कानं शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्यानं ते बघितलं. तिच्या रांगेवरून तो मागं गेला आणि शेवटच्या रांगेत परसूजवळ जाऊन बसला.

गाण्याला सगळे उभे राहिले. तो बसूनच होता, हात मांडीत टाकून, डोळे उघडे. परसू अर्धा उठला होता, तोही परत खाली बसला. अक्कानं एकदाच मागं वळून बघितलं. तो आपल्याजवळ बसला नाही हे तिला लागलं, आणि तो एकटा नव्हता म्हणून इतकं बरंही वाटलं की तिला रडू आवरेना. तिनं पिशवी परत त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि डोळे पुसत सगळ्यांबरोबर गायला लागली.