भिंतीबाहेरचा बाजार

ती घटना मला आजही आठवते. आणि कुवेतमधल्या मराठी मंडळींत सांगितली जाते तशी ती मुळीच घडलेली नाही.

महाराष्ट्र पोलीस दलातून निवृत्त झाल्यावर, दोन हजार सालानंतरची काही वर्षे, मी कुवेतच्या मीना अब्दुल्ला भागातील एका कामगार-छावणीत सुरक्षा अधिकारी होतो. तेथील भांडारप्रमुख वृद्ध होते. पणजोबा रत्नागिरीचे, स्वतःचा जन्म मात्र दक्षिण आफ्रिकेत, झुलू मुलखातल्या एका बाजाराच्या गावी. तेथे इंग्रजांनी आधी कचेरी बांधली. झोपडीमागे कर बसवला. कर भरायला येणाऱ्या झुलूंसाठी बाजार वसला आणि त्यात हिंदुस्थानी दुकानदार शिरले. पुढे गोऱ्या सरकारने कायदा करून हिंदुस्थानींची दुकाने उठवली. यांचेही दुकान गेले.

त्या बाजाराची प्रतिकृती त्यांनी भंगार प्लायवूडमधून घडवली होती. एके सकाळी ती जागेवर नव्हती.

"माझा बाजार नेलान कुणीतरी," आजीकडून आलेल्या मराठीत ते म्हणाले आणि त्यांनी लेखी तक्रार दिली.

दोन दिवसांनी सफाई कामगाराने खबर दिली: परांची बांधणारा झुलू माणूस चादरीत काही गुंडाळून नेताना दिसला होता. तोही त्याच गावचा. व्यवस्थापक त्याला त्याच दिवशी विमानात बसवायला निघाले. चौकशी पुरी झाल्याखेरीज माणूस हलणार नाही, असे मी त्यांना स्पष्ट सुनावले.

झडतीत प्रतिकृती त्याच्या खाटेखाली सापडली. चोर माल मोडतो किंवा विकतो. याने त्यात भर घातली होती. बाजाराच्या भिंतीबाहेर काथ्याच्या चिमुकल्या चटया अंथरल्या होत्या आणि त्यांवर तारेच्या बायका बसवल्या होत्या.

तक्रारदारांसमोरच मी विचारले, "या कोण?"

"माझी आई. बाकी तिच्या शेजारणी," तो छावणीतल्या मोडक्या हिंदीत म्हणाला. आत बसायला परवाना लागे; तो त्यांना मिळत नसे. "साहेब, यांच्या बाजारात माझी आई नव्हतीच. विचारलं असतं, तर यांनी हात लावू दिला नसता."

"नसताच दिला," वृद्ध म्हणाले.

मग दोघे झुलू भाषेत भांडू लागले. काय म्हणतो हा, असे मी वृद्धांना विचारले.

"म्हणतो, बाजारातलं झाड डावीकडं होतं. गाढव आहे."

मग वृद्ध त्या चटयांपाशी वाकले.

"पाऊस लागला की या आमच्या ओट्यावर चढायच्या. बापूस हाकलायचा."

त्यांनी तारेची एक बाई उचलली, दुकानाच्या ओट्यावर ठेवली आणि तक्रार मागे घेतली. माणसाची नोकरी राहिली.

मी दबावापोटी प्रकरण मिटवले, असे ते व्यवस्थापक सांगत फिरतात. चौकशीच्या वेळी ते खोलीत नव्हते. मी होतो.

घटनास्थळाचा नकाशा काढताना आम्ही पोलीस भिंतीच्या आतले मोजतो. बाहेर कोण बसत होते, हे विचारायला मी त्या दिवशी शिकलो. हल्ली माझ्या तालुक्याचा बाजार डोळ्यांपुढे आणतो. दुकाने ओळीने उभी राहतात. पायरीखाली बसणाऱ्यांचे चेहरे मात्र येत नाहीत. आणि ज्यांना विचारावे, त्यांच्यापैकी आता तेथे कोणी उरलेले नाही.