एक घट्ट, एक सैल

सामना सुरू व्हायच्या आधी ती बाटलीतलं घोटभर पाणी कोर्टावर सांडायची आणि उकिडवी बसून त्याच्याकडे बघत राहायची. समोरच्या खेळाडूला वाटायचं, काहीतरी देवाधर्माचं चाललंय. एकीनं तर लांबूनच हात जोडले होते. एकदा पंचांनी विचारलं, "झाली का पूजा?" पूजा कसली डोंबलाची! पाणी कुठल्या अंगाला वाहतंय, ते ती बघत होती. बघून झालं की उठायची, हात पुसायची आणि स्वतःशीच म्हणायची, "ही वरची बाजू."

आता टेनिसच्या कोर्टाला वरची बाजू नसते, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तिलाही माहीत होतं. पण ती पणदऱ्याची, उसाच्या रानात वाढलेली. तिच्या तळपायाला जे माहीत होतं ते वेगळंच होतं.

माझं दुकान बारामतीत, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. क्रिकेटच्या बॅटी, कॅरमच्या सोंगट्या, शाळांच्या बक्षिसांच्या ढाली असला सगळा माल. त्यातच मी हौसेनं गटिंगचं मशीन घेऊन ठेवलं होतं. रॅकेटच्या तारा ताणून भरायच्या कामाला गटिंग म्हणतात. बारामतीत टेनिस खेळणारे असे कितीसे? मशीनवर मी टॉवेल वाळत घालायचो.

तो टॉवेल पहिल्यांदा उचलला तो तिच्यासाठी. नऊ-दहा वर्षांची असेल. बरोबर आजोबा, म्हणजे तात्या. पांढरी टोपी, पांढरं धोतर, पायांत करकरणाऱ्या वहाणा.

"शेठ, ह्या जाळीला तारा भरायच्या हायत."

"जाळी नव्हे, रॅकेट."

"तेच की वो!"

मी काम करत होतो तोवर तात्या स्टुलावरून हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "बाज इणल्यागतच हाय की हे. फकस्त ह्याच्यावर निजायचं न्हाय." पोरीनं रॅकेट हातात घेतली, बोटाच्या पेरानं तारांवर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाली, "काका, मधली एक तार सैल हाय."

माझं टाळकंच फिरलं. एवढीशी पोर मला गटिंग शिकवणार! रागारागानं तपासायला गेलो, तर खरंच एक तार सैल. "तुला कसं गं कळलं?" तर म्हणते, "तात्या कलिंगड घेताना असंच वाजवून बघत्यात." त्या दिवसापासून माझी आणि तिची गट्टी जमली. आणि त्या दिवसापासून मी तिच्या कानाला टरकून असायचो, हेही सांगून टाकतो.

शाळेतल्या कोर्टावर तिचा नंबर पंधरा दिवसांनी लागायचा. तात्यांना ते पटेना. "पंधरा दिसांनी पाणी दिल्यावर ऊस तरी येतोय व्हय?" असं म्हणून त्यांनी विहिरीजवळचं सात गुंठे रान मोकळं केलं. मुरूम टाकला, पाणी मारलं, दगडी रोलर फिरवला, चुन्याच्या रेघा मारल्या. नेट माझ्याच दुकानातून गेलं. सगळं मापात. रेघेला रेघ जुळत होती. तात्या विहिरीच्या बाजूला घमेलंभर चेंडू घेऊन उभे राहायचे आणि एकेक फेकायचे. ती उसाच्या बाजूनं परतवायची. असं वर्षानुवर्षं चाललं.

पुढं ती पुण्याला एका प्रशिक्षकांकडे जाऊ लागली. एक दिवस त्यांचा मला फोन. "अहो, ही मुलगी एका बाजूनं वाघीण आहे आणि दुसऱ्या बाजूला गेली की हिचे चेंडू रेघेबाहेर जातात. ऊन बघितलं, वारा बघितला, डोळे तपासून घेतले. तुम्हाला काही कल्पना?"

मला कसली कल्पना! मी गाडी काढली आणि पणदऱ्याला गेलो. कोर्टावर विहिरीच्या बाजूला उभा राहिलो आणि सहज एक चेंडू खाली ठेवला. चेंडू निघाला. आपला आपण, सावकाश, नेटखालून पलीकडे जाऊन उसाच्या कडेला थांबला.

"तात्या, हे कोर्ट उताराला आहे!"

"मग? असणारच की," तात्या म्हणाले. "चांगला हातभर ढाळ दिलाय. स्वतः उभं राहून दिलाय. ढाळ न्हाय तर पाणी कुठं जाईल? बिनढाळाचं रान काय कामाचं?"

उभा जन्म रानाला ढाळ देण्यात गेलेला माणूस. त्यांनी कोर्टही रानासारखंच नेटकं केलं होतं. आणि पोरगी सगळा जन्म खालच्या बाजूनं वर मारायला शिकली होती. सपाट कोर्टावरसुद्धा एका टोकाला उभी राहिली की तिच्या हाताला वाटायचं, आपण उंचावर आहोत. मग हात आखडायचा, नाहीतर चेंडू भलतीकडे जायचा.

याचा फायदा एकाच ठिकाणी झाला. इंदापूरला एका मैदानावर कोर्ट होतं, पावसाचं पाणी साचू नये म्हणून गटाराकडे चांगलं उतरतं केलेलं. तिथं भल्याभल्या पोरी चेंडू शोधत फिरायच्या आणि ही मात्र घरच्यासारखी खेळायची. तिची निम्मी बक्षिसं इंदापूरची. "काका, इंदापूरचं कोर्ट लई गुणाचं," असं ती माहेरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायची.

पण व्यावसायिक स्पर्धा काही इंदापूरला होत नाहीत. आणि आता मी त्या हंगामाचं सांगतो.

ती बावीस वर्षांची झाली होती. दोन वर्षं गावोगावच्या व्यावसायिक स्पर्धा खेळत होती. तिथं आधी पात्रता फेरी असते, मग मुख्य फेरी. पात्रता फेरी म्हणजे मंडपाच्या दारातली रांग आणि मुख्य फेरी म्हणजे पंगत. ही रांगेतूनच परत यायची. दोनदा पंगतीत बसली, पण पहिल्याच घासाला उठावं लागलं. मुख्य फेरीतला एक सामना जिंकला की जागतिक क्रमवारीतला एक गुण मिळतो. तो एक गुण काही मिळेना.

दिवाळीनंतर साखर कारखान्याचा बॉयलर पेटला तेव्हा तिच्या थोरल्या चुलत्यांनी, अण्णांनी, घरात विषय काढला. माणूस वाईट नव्हे, पण सरळ बोलणारा. "ते सात गुंठं अजून किती दिवस तसंच ठेवायचं? कोऱ्हाळ्याच्या शाळेत खेळाच्या बाईंची जागा हाय. पोरगी घराजवळ ऱ्हाईल."

तात्या काही बोलायच्या आत तीच बोलली. "अण्णा, कारखान्याचा पट्टा पडंपतूर थांबा. यंदाचं गाळप संपायच्या आत मुख्य फेरीत एक सामना जिंकला तर मी खेळणार. न्हाय जिंकला तर कोर्टात नांगर घाला, मी सोता ट्रॅक्टरवर बसते."

तात्यांनी टोपी काढून परत घातली.

हे तिनं मला दुकानात सांगितलं, शेंगा खात, हसत. मला मात्र धडकी भरली. तुम्ही म्हणाल, तुमचं काय जातं? माझं काय जातं! बारा वर्षं तिच्या रॅकेटींना मीच तारा भरल्या होत्या.

हंगाम सुरू झाला. इकडे उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे आणि तिकडे ही रॅकेटींची पिशवी घेऊन रेल्वेनं या राज्यातून त्या राज्यात. सामना झाला की फोन यायचा. "काका, वरच्या बाजूनं गेलं." पुढच्या आठवड्यात परत, "वरच्या बाजूनंच." संक्रांत झाली, फोन तोच. पण रडकी कधी नाही. "बघू की," म्हणायची आणि तिथं जेवायला काय मिळालं ते सांगत बसायची.

फेब्रुवारीत ती दुकानात आली तेव्हा पहिल्यांदा गप्प दिसली. शेंगा पुढं केल्या, तर नको म्हणाली. ते बघून मला राहवलं नाही आणि मी एक थाप मारली. आयुष्यात बऱ्याच मारल्यात, पण ही मनापासून.

"हे बघ," म्हटलं, "दोन रॅकेटी वेगवेगळ्या भरून देतो. मुठीला लाल दोरा बांधलेली वरच्या बाजूसाठी. ती घट्ट, म्हणजे चेंडू उडणार नाही. काळ्या दोऱ्याची खालच्या बाजूसाठी. ती सैल. बाजू बदलली की रॅकेट बदलायची. डोकं चालवायचं नाही."

"असं करत्यात व्हय, काका?"

"मोठमोठे करतात," मी ठोकून दिलं.

आणि दोन्ही रॅकेटी मी अगदी एकाच ताणात भरल्या. एका पौंडाचाही फरक नाही. खरंच वेगळ्या केल्या असत्या, तर तिचा हात आणखी बिघडला असता. तिला औषध नको होतं, नुसती साखरेची पुडी हवी होती.

तिनं दोन्ही घेतल्या. सवयीनं टकटक केलं, एकीला कान लावला, दुसरीला लावला. मी उगाच मशीन पुसायला लागलो. पण ती काहीच बोलली नाही. गल्लीत टेम्पोचा हॉर्न चालू होता, मी मनात म्हटलं, वाचलो.

आणि गंमत बघा, पुडी लागू पडली! ती पात्रता फेरीतले सामने जिंकायला लागली. फोनवर "वरच्या बाजूनं" बंद झालं. हंगामातली शेवटची स्पर्धा पुण्यात होती. तिथं ती रांग ओलांडून पंगतीत जाऊन बसली. कारखान्याचा पट्टा दोन दिवसांवर आला होता. मी दुकान बंद केलं, तात्यांना घेतलं आणि आम्ही पुणे गाठलं.

तात्या सामन्यात एक मिनिट गप्प बसले नाहीत. "हाण! आरं हाण की!" पंचांनी दोनदा शांत राहायला सांगितलं. तात्या मला म्हणतात, "रानात काय गप बसून काम करत्यात व्हय?"

पहिला सेट गेला. दुसरा तिनं घेतला. प्रत्येक वेळी बाजू बदलली की ती बाकावर बसायची, पिशवीत रॅकेट ठेवायची, दुसरी काढायची, आणि का कोण जाणे, गालातल्या गालात हसायची. तिसऱ्या सेटमध्ये पाच-चार झालं. सर्व्हिस हिची. हा एक गेम घेतला की सामना. आणि उभी कुठं? वरच्या बाजूला.

पहिलाच चेंडू मारला आणि फट्! लाल दोऱ्याची तार तुटली.

पिशवीत राहिली होती ती काळ्या दोऱ्याची. सैल. म्हणजे तिच्या लेखी सैल. आता हिचा हात आखडणार, चेंडू भिंतीवर जाणार आणि परवा कोर्टात नांगर जाणार. मी उठून उभा राहिलो. ओरडून सांगावं वाटलं, अगं दोन्ही एकच आहेत! माझ्या थापेपायी हरू नकोस! पण तात्या खाली ओढत होते, "बसा की वो भानुदासराव, मागच्यांना दिसत न्हाय."

तिनं काळी रॅकेट काढली. टकटक केलं. मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं आणि अशी दिलखुलास हसली, की मी मटकन खाली बसलो. मग तिनं सर्व्हिस केली. एक, दोन, तीन. चौथा गुण लांबला, आमचा जीव टांगणीला लागला, आणि समोरचीचा चेंडू नेटमध्ये अडकला.

तात्यांनी टोपी उडवली. ती तीन रांगा खाली एका बाईंच्या मांडीवर पडली.

बाहेर आल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "पोरी, एक सांगायचंय. त्या दोन रॅकेटी..."

"एकच वाजत्यात," ती म्हणाली. "मला दुकानातच कळलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी एवढ्या जिवानं केलेलं. कसं बोलू?"

"अगं, मग बदलत कशाला बसायचीस?"

"बदलताना तुमचं थाप मारतानाचं तोंड आठवायचं काका. हसू यायचं. आन् हसू आलं की हात मोकळा व्हायचा."

मला भर रस्त्यात रडू आलं. लाज कसली त्यात? तात्या विचारत होते, "ह्यास्नी काय झालं?" ती म्हणाली, "काय न्हाय तात्या, काकांना ऊन लागलंय."

दुसऱ्या फेरीत ती सपाटून हरली, ते सोडा. दोन दिवसांनी पट्टा पडला. अण्णांनी ट्रॅक्टर काढला तो मुरमाची खेप आणायला. तात्या म्हणाले होते, आता सपाट करू. ती म्हणाली, "ढाळाला हात लावायचा न्हाय."

आता ती परदेशात असते. दुसरा हंगाम चालू आहे. तिकडच्या तिकडे कुणीतरी तिच्या रॅकेटी भरतं, नव्या, चकचकीत. जाताना त्या दोन जुन्या मात्र माझ्याकडे ठेवून गेली. लाल दोऱ्याचीला मी तेव्हाच नवी तार भरली होती. काळ्या दोऱ्याची तशीच आहे, त्या दिवसाची. दोन्ही मशीनच्या वर खिळ्याला टांगल्यात. गिऱ्हाईक विचारतं, मी विकायच्या नाहीत म्हणून सांगतो.

परवा दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी दोन्ही खाली काढल्या, बोटानं टकटक केलं, तिच्यासारखा कान लावला. तारांचा ताण दिवसांनी उतरतो, जुन्या, खेळलेल्या तारांचा तर जास्तच. लाल खणखणीत वाजली आणि काळी मऊ. एक घट्ट, एक सैल. आता कुठं माझं बोलणं खरं झालंय, आणि ऐकायला ती इथं नाही.