लग्नासाठी ठेवलेले बूट

घाटनांदूरला माझ्या लग्नाच्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं मी घोड्यावर चढणार, तेवढ्यात घोडेवाल्यानं मला मोजड्या काढायला लावल्या. पिशवीतून त्यानं टाचेचे बूट काढले, माझ्या पायात घातले आणि पुढं अंगठ्याला जागा आहे का ते दाबून पाहिलं.

"मोजडीला टाच न्हाई. पाय रिकिबीतून आरपार जातो. घोडं बिथरलं तर माणूस फरफटत जातो."

बूट कुणाचे, मी विचारलं.

"पोराचे. लग्नात घालीन म्हनून त्यानं कोरे ठिवले, अन् चपलीवरच घोड्यावर बसला."

मांडवापर्यंत त्याचा हात माझ्या रिकिबीवरून हलला नाही. तिथं त्यानं बूट काढून घेतले, उपरण्यानं पुसले आणि पिशवीत ठेवले, अगदी कोरे असल्यासारखे.